गुऱ्हाळघर, निळी दोरी आणि पाचशेची पावती

‘तेवढी निळी दोरी वगळा, बाकी सगळा खर्च आमचा.’ एका बांधकाम व्यावसायिकाच्या ऑफिसातून हा निरोप आला, तोवर आमचा महोत्सव फक्त गप्पांत होता. दोन शिल्पकार, एक छायाचित्रकार, व्हिडिओ करणारी एक मैत्रीण, कलामहाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली तीन-चार मुलं आणि छापचित्रं करणारी मी, असे आम्ही काही जण. प्रयाग चिखलीच्या बाजूला पंचगंगेकाठच्या एका गावात गुऱ्हाळघर बंद पडून होतं. मालक तात्यांनी ‘चार दिवस वापरा की, कोण नको म्हणतंय’ असं सांगितलं होतं. तिथं तीन दिवस समकालीन कलेचा महोत्सव भरवायचा, एवढंच पक्कं होतं.

दोरीची कल्पना आमच्यातल्या थोरल्या शिल्पकाराची. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै कोल्हापूरचा माणूस विसरणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. या गावात घराघरावर त्याची खूण आहे. कुणी खिळ्यानं ओरखडा काढलाय, कुणी कोळशानं तारीख लिहिलीय, कुठं भिंतीचा रंगच तिथून बदललाय. या खुणा एका निळ्या दोरीनं जोडायच्या. गुऱ्हाळघरापासून शाळेपर्यंत आणि शाळेपासून देवळापर्यंत दोरी न्यायची, म्हणजे खालून चालणाऱ्याला आपल्या डोक्यावर किती पाणी होतं ते दिसेल. त्यात कुणाचं नाव नव्हतं, घोषणा नव्हती. पण नदीकाठच्या जमिनीत ज्याचा पैसा अडकलाय, त्याला पूररेषेची आठवण गावभर टांगलेली नको होती.

ते गृहस्थ आमच्याशी अगदी अदबीनं बोलले. चहा दिला, आमची कामं मन लावून पाहिली. ‘गैरसमज होतात हो लोकांचे,’ एवढंच म्हणाले. त्या रात्री आमच्यात कडाक्याचं भांडण झालं. एकाचं म्हणणं, यंदा त्यांचं ऐकू, पाय रोवू, दोरी पुढच्या वर्षी. माझं म्हणणं वेगळं होतं. पहिल्याच वर्षी दोरी काढली, तर पुढच्या वर्षी दोरी सुचणारच नाही. वगळा म्हणून सांगायला कुणी येतो तेव्हा निदान भांडता तरी येतं. प्रायोजकाला काय आवडणार नाही याचा अंदाज घेत कलाकार स्वतःच हात आखडू लागला, की भांडायलाही समोर कुणी उरत नाही. शेवटी तो पैसा नकोच, असं ठरलं.

सरकारी वाट आम्ही तपासून पाहिली. एका कार्यालयात अर्जाचा नमुना मिळाला. नोंदणीकृत संस्था हवी, मागच्या वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल हवेत, आणि रकान्यात नृत्य, नाट्य, संगीत, लोककला. ‘चित्रकला स्पर्धा असं लिहा, बसेल कुठंतरी,’ असा सल्ला खिडकीतून मिळाला. सांगणाऱ्याच्या मनात चांगलंच होतं, पण आम्हाला स्पर्धा घ्यायची नव्हती. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचंही, म्हणजे सीएसआरचंही, तेच. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात. हा पैसा कशावर खर्च करता येतो त्याची यादी कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये आहे, त्यात वारसा, कला, संस्कृती, पारंपरिक कला असे शब्दही आहेत. पण १ एप्रिल २०२१ पासून हा पैसा घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ नोंदणी लागते, आणि तिच्यासाठी आधी प्राप्तिकराच्या सवलतीच्या नोंदण्या (तेव्हा १२ए आणि ८०जी). म्हणजे आधी संस्था उभी करायची, मग तिची कागदपत्रं सांभाळायला माणूस ठेवायचा, आणि त्या माणसाच्या पगारासाठी पुन्हा कंपनीच्या दारात उभं राहायचं. नोंदणीला माझा विरोध नाही. चित्र काढायच्या आधीच चौकट विकत घ्यायला मात्र मी तयार नव्हते.

मग राहिली वर्गणी. कोल्हापुरात ती कुणाला शिकवावी लागत नाही. पेठेपेठेत तालमी आहेत, मंडळं आहेत, गावोगाव जत्रेची पट्टी निघते. तरी धाकटी मुलं बिचकली. ‘ताई, देवाच्या नावानं देतात. आपल्या कलेला कोण देणार?’

मी त्यांना तानीबाई कागलकरांबद्दल सांगितलं. कोल्हापूरला कलापूर म्हणताना आपण शाहू महाराजांचा आश्रय आठवतो आणि ते योग्यच आहे. आबालाल रहिमान यांच्यासारख्या चित्रकाराला दरबारनं सांभाळलं. पण शंभरेक वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, तेव्हा त्यांच्या मागं पैसा उभा केला तो तानीबाईंनी. त्या गायिका होत्या. एका कलावंतानं दुसऱ्या कलावंताच्या कामावर, ते अजून कुणी पाहिलेलं नसताना, स्वतःची कमाई लावली. हे आपल्या गावात घडलेलं आहे आणि आपण ते पुरेसं सांगत नाही, याची मला फार खंत आहे.

आणखी एक दाखला माझ्या डोक्यात होता, चोळमंडलचा. १९६६ मध्ये मद्रासजवळ समुद्रकाठी के. सी. एस. पणिकर आणि त्यांच्या सोबतच्या चित्रकार-शिल्पकारांनी कलाकारांचं गाव वसवलं. जमिनीचे पैसे बाटिक, म्हणजे मेण लावून रंगवलेलं कापड, आणि हस्तकलेच्या वस्तू करून, विकून उभे केले. चित्रं विकली जातील तेव्हा जातील, हातातलं कसब तर रोज विकता येतं, असा तो हिशोब. त्यावरून आम्ही छापचित्रांचा संच काढायचं ठरवलं. प्रत्येक कलाकारानं एक लिनोकट किंवा एचिंग द्यायचं, मर्यादित प्रती काढायच्या आणि संच आगाऊ नोंदणीवर विकायचा. छपाई माझ्या प्रेसवर. कागद चांगलाच घ्यायचा, हे मी हट्टानं मंजूर करून घेतलं.

वर्गणीचे नियम ठरवायला बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. एक पावती पाचशेची. एका घरातून किंवा एका दुकानातून जास्तीत जास्त पाच हजार, एक रुपयाही जास्त नाही, मग देणारा कितीही मोठा असो. देणाऱ्यांची नावं एकाच फळ्यावर, अक्षरानुक्रमे, रकमेशिवाय. फ्लेक्स नाही, स्वागत कमान नाही, उद्घाटनाला पाहुणा नाही. धान्य, सरपण, बांबू, गाडी अशा रूपात दिलं तरी पावती तीच. कलाकाराला, तो मुंबईचा असो की गावातला, मानधन सारखंच. कमी का असेना, पण द्यायचंच. ‘तुम्हाला प्रसिद्धी मिळेल’ हे वाक्य आम्ही सगळ्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं. ते आमच्या तोंडून कुणाला ऐकवायचं नव्हतं.

पाच हजारांच्या मर्यादेवर सगळ्यात जास्त वाद झाला. एका ओळखीच्या डॉक्टरांना मोठी रक्कम द्यायची होती, तीही कुठलीच अट न घालता. नाही म्हणताना जीवावर आलं. पण दहा माणसांच्या पैशावर उभा राहिलेला महोत्सव त्या दहांकडे बघत चालतो. कुणी काही म्हटलं नाही तरी चालतो.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते म्हणून सांगते. अशी वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क खाली गणेश मंडळं घेतात, तीच ही. ऑनलाइन अर्ज, ओळखपत्रं, ठरावाची प्रत, आणि नंतर हिशोब सादर करायचा. परवानगी हातात आल्यावर मुलांचा धीर वाढला. पावतीपुस्तकावर परवानगीचा क्रमांक छापलेला दिसला की समोरचा माणूसही वेगळ्या नजरेनं बघतो. ध्वनिक्षेपकाची पोलीस परवानगी, तात्पुरतं वीज मीटर, ग्रामपंचायतीचं पत्र, ही कामं मंडळात घडलेल्या एका पोरानं केली. त्याला सगळी दारं पाठ होती.

पट्टी मागायला दारोदार फिरणं हे मात्र कुठल्याही कलाशाळेत शिकवलं जात नाही, आणि शिकवायला हवं. प्रायोजकाला आपण प्रस्ताव पाठवतो. त्यात ‘संवाद’, ‘अवकाश’, ‘हस्तक्षेप’ असे शब्द असतात. उंबऱ्यात उभं राहून हे शब्द चालत नाहीत. शाळेजवळच्या गिरणीत पीठ चाळत बसलेल्या काकींनी विचारलं, ‘नेमकं काय दावणार हाईसा?’ मी म्हटलं, ‘पूर कुठवर आला हुता त्ये दोरी बांधून दावणार.’ त्या म्हणाल्या, ‘त्ये आमास्नी ठावं हाय की. दावायचं कुणाला?’ या प्रश्नाचं उत्तर शोधत आम्ही किती रात्री बसलो असू. शेवटी शहरातल्या माणसांना गावात आणायचं, दोरी त्यांच्यासाठी बांधायची आणि ती कुठं कुठं जाईल ते गावानं ठरवायचं, असं कामच बदललं. प्रश्न विचारून काकींनी पाचशे दिले. त्या पाचशे रुपयांनी शिल्पाचा आराखडा सुधारला, असं मी कुठंही सांगायला तयार आहे.

काहींनी दिले नाहीत. ‘आधी रस्ता करा, मग चित्रं लावा’ असं एक जण म्हणाला, आणि त्याच्या दारापुढचा रस्ता पाहिल्यावर आम्ही काहीच बोललो नाही. एका वाड्यात तासभर बसवून घेतलं, चित्रकलेवर भाषण झालं, पावती फाटली नाही. नेमाचे शंभर रुपये देणाऱ्या आजी मात्र रोज एकदा तरी येऊन ‘कुठवर आलं?’ विचारत. पाचशेच्या खालची पावती नाही हा आमचा नियम त्यांच्यासाठी मोडला, आणि मग सगळ्यांसाठीच मोडला.

गुऱ्हाळघराची साफसफाई आठवडाभर चालली. आत काहील तशीच होती, लोखंडाची, तळाला गंजलेली. खाली चुलाण, कोपऱ्यात जुन्या चिपाडाचा ढीग. भिंतींवर वर्षानुवर्षांची काजळी, हात लावला की बोटं काळी. तात्यांनी एकच सांगितलं होतं, ‘भिंती रंगवू नका.’ एका मुलीनं ते शब्दशः पाळलं. तिनं रंग लावलाच नाही. ओल्या फडक्यानं काजळी पुसत पुसत तिनं भिंतीवर आकृत्या काढल्या. काहिलीत ढवळणारा गुळव्या, चुलाणात चिपाड सारणारा माणूस, मळी काढणारे हात. जिथून काजळी निघाली तिथं जुना चुना दिसायचा आणि काम उजेडासारखं उमटायचं. त्याच गुऱ्हाळात उभी हयात काढलेले आण्णा रोज येऊन बघत. एके दिवशी म्हणाले, ‘पोरी, गुळव्या असा वाकत न्हाई. पाक बघायला वाकला तर वाफेनं तोंड भाजंल. तो बाजूनं बघतोय.’ तिनं तिथंच फडकं पिळलं. पुसलेली काजळी परत लावता येत नाही, म्हणून तिनं त्या आकृतीशेजारी दुसरी काढली, बाजूनं बघणारी. दोन्ही भिंतीवर राहिल्या. संपूर्ण महोत्सवात मला सगळ्यात आवडलेली जागा तीच.

व्हिडिओ करणाऱ्या मैत्रिणीनं काहील पाण्यानं भरली आणि चालू गुऱ्हाळातल्या उकळत्या रसाचं चित्रण वरून त्या पाण्यावर सोडलं. बच्चेकंपनी काठावर हात टेकून तासन् तास बघत बसायची.

जेवणाचं काम गावातल्या बचत गटाकडं दिलं. गटाच्या अध्यक्षीण वहिनींनी पहिल्याच बैठकीत दर सांगितला आणि निम्मे आगाऊ मागितले. आमच्यातल्या एकाच्या मनात होतं की गावाचाच महोत्सव आहे, थोडं श्रमदान होईल. वहिनींनी शांतपणे विचारलं, ‘तुमच्या चित्रकाराला मानधन हाय न्हवं? मग भाकरी थापणारीला का न्हाई?’ तो मुद्दा तिथंच मिटला. कलाकारांनी चालवलेल्या उपक्रमांत हीच गोष्ट सगळ्यात जास्त लपवली जाते. पैसा बाहेरून आला नाही की तो कुणाच्या तरी फुकटच्या कष्टातून येतो, बहुतेक वेळा बायकांच्या आणि नवख्या मुलांच्या. स्वातंत्र्याचं बिल त्यांच्या नावावर फाडायचं नसेल, तर महोत्सव लहान ठेवावा लागतो. आम्ही तो लहान ठेवला. दोन बाहेरच्या कलाकारांना ‘यंदा नाही जमणार’ असं कळवलं.

महोत्सवाचे तीन दिवस तसे सरळ गेले. पहिल्या संध्याकाळी वीज गेली, तेव्हा प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर घेतला आणि बाकी गुऱ्हाळघर कंदिलात पाहिलं गेलं. काजळीची भिंत कंदिलात जास्त चांगली दिसली. शहरातून लोक आले, शेजारच्या गावांतून त्याहून जास्त. दोरी गवंड्यांच्या लेव्हल पाइपनं सरळ केली होती. जिथं ती एखाद्या घराच्या खुणेशी जुळत नसे, तिथं घरच्या माणसाचं म्हणणं खरं धरून गाठ मारली होती. शाळेजवळ ती माझ्या डोक्याच्या हातभर वर होती. एक शहरी जोडपं तिथं उभं राहून हात वर करून अंतर मोजत होतं, आणि शेजारच्या घरातली बाई त्यांना आपल्या तुळईवरचा चिखल दाखवायला आत घेऊन गेली. त्यांचं बोलणं चांगलं अर्धा तास चाललं. दावायचं कुणाला, याचं उत्तर काकींना त्या दिवशी मिळालं असावं.

हिशोब देवळासमोरच्या पारावर वाचला. मानधन, जेवण, मीटर, जनरेटर, बांबू, कागद, प्रवास, सगळं मोठ्यानं. लोक ऐकत होते आणि मध्येच अडवत होते. जनरेटर दोन दिवस उभाच होता, मग भाडं तिन्ही दिवसांचं का? मुंबईच्या कलाकाराचा प्रवासखर्च जास्त कसा? एकानं तर विचारलं, काजळी पुसायला मानधन कशाला, त्यात सामान काय लागलं? त्यावर आण्णाच उठले. ‘गुळव्याला तरी सामान काय लागतंय? नदर लागती.’ वर्गणी आणि खर्च यांत तूट आली होती. ती छापचित्रांच्या संचांनी भरून निघाली आणि थोडे पैसे उरले.

असा हिशोब मी याआधी कुठल्याच कलामहोत्सवात ऐकला नव्हता. कलाकारांनी चालवलं म्हणजे आपोआप मोकळं होतं, असं नाही. २०२२ मध्ये जर्मनीतल्या कासेलला पंधरावा डॉक्युमेंटा, म्हणजे तिथं भरणारं समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन, जाकार्ताच्या रुआंगरुपा या कलाकारगटानं रचला. निधी सामायिक ठेवायचा आणि बैठकीत बसून वाटायचा, अशी त्यांची पद्धत. त्यात जगभरातले गट होते आणि आपल्या मुंबईचे अमोल पाटीलही होते. सामायिक गल्ल्याची कल्पना आम्ही रुआंगरुपाकडूनच उचलली. पण मूळ पैसा तिथल्या शहराचा, राज्याचा आणि केंद्र सरकारचा होता. तारिंग पाडी या इंडोनेशियातल्या गटाच्या मोठ्या फलकातल्या ज्यूद्वेषी चित्रणावरून वादळ उठलं, फलक उतरवला गेला, महासंचालकांनी पद सोडलं, आणि पुढची चर्चा पैसा देणाऱ्यांनी किती लक्ष घालावं याकडे गेली. चित्रावरची टीका योग्य होती असं माझं मत आहे. तरीही, ज्या बैठकीत गट एकमेकांना जाब विचारत होते, ती बैठक त्या गदारोळात बाजूला पडली.

कोचीचं उदाहरण आपल्याला जवळचं. १२ डिसेंबर २०१२ ला तिथली पहिली बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरवायचं कलाप्रदर्शन, उघडली ती बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या मुंबईत घडलेल्या दोन चित्रकारांच्या जिद्दीवर. मागं केरळ सरकारचा हात होता. तेवढं मोठं काम वर्गणीवर होणार नाही, हे मी मान्य करते. पण २०२२ ला उद्घाटन ऐन वेळी १२ वरून २३ डिसेंबरवर ढकललं गेलं आणि सहभागी कलाकारांना जाहीर पत्र लिहावं लागलं. कलाकारांनी सुरू केलेल्या ठिकाणीही कलाकाराला आपलं म्हणणं पत्रानं मांडावं लागतं, तेव्हा पारावर बसून हिशोब ऐकणाऱ्या माणसांची किंमत मला जास्त जाणवते.

आमच्या पद्धतीच्या मर्यादा उघड आहेत. महागडं यंत्र लागणारं काम आम्ही दाखवू शकत नाही. विमा नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या संग्रहातली चित्रं मागू शकत नाही. आणि गावाला दुखावणारं काम वर्गणीच्या पैशातून करता येईल का, या प्रश्नाला आम्ही अजून सामोरे गेलेलो नाही. पूर सगळ्यांचाच होता, म्हणून दोरी चालली. उद्या कुणी गावातल्या जातीवर काम केलं, पाणवठ्यावर, मसणवट्यावर केलं, तर पाचशेच्या पावत्या परत मागायला लोक येतील का? आमच्यातल्या एका मुलाला नेमकं हेच काम करायचं आहे. बैठकीत त्यानं ते मांडलं तेव्हा शांतता पसरली, पण नाही कुणी म्हटलं नाही. माझं मत स्पष्ट आहे. ते काम व्हायला हवं, आणि त्यासाठी पट्टी मागताना ते काय आहे हे दारात उभं राहून सांगायला हवं. मिळतील तेवढ्या पैशात करायचं.

दिवाळी झाली की पुढची पट्टी सुरू होईल. उरलेल्या पैशातून पावतीपुस्तकं छापून घेतली आहेत, यंदा शंभरची वेगळी. डॉक्टरांनी यंदाही मर्यादा उठवायची विनंती केली आहे. त्यावर मतदान व्हायचंय आणि मी विरोधात हात वर करणार आहे.